उड्डाणाआधीचं उड्डाण

सांगलीच्या कृष्णाकाठी, साधारण 550 मीटर उंचीवर, सहज वर उठणारा ड्रोन साताऱ्याच्या कास पठारावर, 1200 मीटरवर, जास्त बॅटरी खातो. कारण वर हवा विरळ असते. लडाखात 4500 मीटरवर तर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरते. नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीच्या ‘स्विच’ या टेहळणी ड्रोनला भारतीय लष्कराने 2021 मध्ये मागणी दिली, ती अशाच उंचीसाठी. असं यान आधी संगणकात उडवलेलं बरं. त्यासाठीची आभासी प्रतिकृती म्हणजे नुसतं चित्र नव्हे. वजन, पंखांचा आकार, मोटारींचा जोर, बॅटरी, वारा हे सगळं तिच्यात आकड्यांनी भरतात. संगणक सेकंदाचे बारीक तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात यानावर कुठून किती जोर पडतो ते काढतो आणि त्याला तेवढंच सरकवतो. वहीतली आजची शिल्लक उद्याच्या हिशेबाची सुरुवात व्हावी, तसं.

साताऱ्याच्याच चाळकेवाडीच्या पठारावर कड्याला आपटून भोवरे करणारा वारा आकड्यांत मावेल का, ही शंका रास्त आहे. पुरता मावत नाही. म्हणूनच वातबोगद्यातली आणि खऱ्या उड्डाणांतली मापं घेऊन प्रतिकृती सतत दुरुस्त करावी लागते. पण भर वाऱ्यात मोटार बंद पडली तर काय, हे एकही यान न गमावता शेकडो वेळा तपासता येतं ते तिच्यातच.