काळ्या मातीचं टेक्श्चर: फोटोतून ऊन आणि कडा कशा काढायच्या

हा भाग ज्यांनी गाडीवर, शेतात, समोर कॉम्प्युटर नसताना ऐकला त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आकडे बघून करता येतील म्हणून ते जरा नीट लिहिलेत.

मी कळंबला राहतो, बॅनर-पोस्टरची कामं करतो. माघात चिंतामणीच्या उत्सवाचे फ्लेक्स, पेरणीच्या आधी बियाण्यांचे, आणि मधूनमधून शेतकऱ्यांच्या सभांचे. या सभांच्या पोस्टरवर मागे भेगाळलेली जमीन हमखास असते. ती नेटवरून उतरवलेली, पिवळट, कुठल्यातरी वाळवंटातली. आपल्याकडचा शेतकरी एका नजरेत सांगतो, ही माती आमची नाही. शिवाय काळ्या मातीला भेगा पडायला दुष्काळ लागतच नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा मे महिन्यात रानात भेगा असतातच. ज्याच्या अडचणीबद्दल आपण बोलतोय, त्याची जमीन तरी खरी दाखवू की नाही?

तर ती स्वतः बनवू. फोटो म्हणजे टेक्श्चर नव्हे, हे आधी डोक्यात घ्या. फोटोत एका बाजूचं ऊन असतं आणि चार कडा असतात. टेक्श्चरमध्ये या दोन्ही गोष्टी नसाव्या लागतात. सगळी मेहनत ह्याच्यासाठीच.

ऊन शक्यतो शेतातच काढा. मेमध्ये ढगांची वाट बघत बसू नका. सकाळी सूर्य वर यायच्या आत जा, किंवा दोघांना पांढरी चादर धरून उभं करा आणि सावलीत फोटो घ्या. मोबाईल जमिनीला समांतर, फ्लॅश बंद. भेगेच्या आतला अंधार राहू द्या, तो भेगेचाच आहे. ढेकळाची एका बाजूला पडलेली सावली मात्र नको.

तरी फोटोचा एक कोपरा उजळ येतोच. मी गिंप वापरतो, फुकट आहे. फोटोचा 2048 बाय 2048 पिक्सेलचा चौकोन कापा. लेयरची नक्कल करा, वरच्या नकलेवर गॉशियन ब्लर 150च्या आसपास द्या, इतका की भेगा पार विरघळतील आणि फक्त उजेड-अंधाराचे ढग उरतील. आता त्या लेयरचा मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट करा. खालच्या चित्रातून वरचे ढग वजा होतात आणि राखाडी, सपाट उजेडाचं चित्र मिळतं. मातीचा रंग गेला ना? घाबरू नका. दिसतंय त्याचा नवा लेयर बनवा, वर मातीच्या सरासरी रंगाने भरलेला लेयर ठेवा आणि त्याचा मोड ग्रेन मर्ज करा. रंग परत येतो, ऊन येत नाही. झालं की सगळे लेयर एकत्र करा.

आता कडा. ऑफसेट कमांड घ्या, रुंदी आणि उंची दोन्ही अर्ध्याने सरकवा, बाहेर गेलेलं उलट्या बाजूने आत येईल हा पर्याय निवडून. चित्राच्या मधोमध अधिकचं चिन्ह असावं तसा सांधा दिसेल. बाहेरच्या कडा आता आपोआप जुळलेल्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मधला सांधा मिटवायला भेगेवर क्लोन आणि सपाट मातीवर हील वापरा. हील भेगेवर चालवलं तर ती धुरकट होते. भेग तुटली असेल तर दुसरीकडची भेग उचलून जोडा. भेगा शक्यतो तीन फाट्यांनी भेटतात, तसंच ठेवा. गिंपमध्ये हे सगळं एका क्लिकवर करणारा टाइल सीमलेस फिल्टर आहे, पण तो चित्र एकमेकांत मिसळतो आणि मातीवर भुतासारख्या दुहेरी भेगा दिसतात. वाळूला चालेल.

मग हिशोब करून बघा. 10 बाय 6 फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयला 8640 बाय 5184 पिक्सेल होतो. म्हणजे आपला तुकडा त्यात साधारण 10 वेळा येणार. त्यात एक पांढरा खडा असला, तर 10 खडे रांगेत उभे! डोळा तेच पकडतो. असं जे काही ‘बोलकं’ असेल, खडा, पान, फार रुंद भेग, ते काढून टाका.

जाता जाता मांजरपाटाचं कापड, फोटोशिवाय. 1024 पिक्सेलच्या राखाडी चौकोनावर नॉइज टाका, तो 3 बाय 3 असा मांडा, आडवा मोशन ब्लर द्या, आणि अगदी मधला 1024चा चौकोन कापा. शेजारी त्याचेच भाऊ असल्यामुळे ब्लरनंतरही कडा जुळतात. त्याची नक्कल 90 अंशात फिरवून मल्टिप्लाय करा: ताणा आणि बाणा तयार. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे कापड कामी येतंच.

दोन्ही पीएनजीमध्ये ठेवा. जेपेगच्या दाबणीत कडेचे पिक्सेल बदलतात आणि पुसलेला सांधा अंधूकसा परत दिसायला लागतो.