इंजिनाचा इशारा-दिवा : विझविण्यापूर्वी त्याचे म्हणणे समजून घ्यावे

भंडारा जिल्हा हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून सुपरिचित आहे. धानशेतीची कामे काळवेळेशी घट्ट बांधलेली असतात. पऱ्हे रोवणीस आले आणि बांधीत पाणी साचले म्हणजे चिखलणी त्याच आठवड्यात उरकावी लागते. ती लांबल्यास पऱ्ह्यांचे वय वाढते, फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. पूर्वी हे काम हल्यांच्या व बैलांच्या जोड्या करीत. जोडीतील जनावर आजारी पडले तर ते चाऱ्यास तोंड लावीत नसे व मालकाच्या ध्यानी ती गोष्ट तत्काळ येई. आज बहुतेक गावांतून चिखलणी ट्रॅक्टरने होते आणि धान, भाजीपाला व दूध छोट्या मालवाहू गाड्यांतून बाजारास जाते. यंत्रास जनावराप्रमाणे कण्हता येत नाही. चालकासमोरील मीटरच्या पाटीवर पेटणारा दिवा हीच त्याची वाचा होय.

या दिव्यांविषयी शेतकऱ्यांत दोन प्रकारची वर्तणूक आढळते. कित्येक जण दिव्याकडे दुर्लक्ष करून काम रेटीत राहतात. दुसरे काही त्यास घाबरून कोणाकडून तरी तो विझवून घेतात आणि गाडी दुरुस्त झाली असे समजतात. दोन्ही रीती सारख्याच घातक आहेत. ऐन हंगामात बंद पडलेला ट्रॅक्टर दुरुस्तीचा खर्च तर मागतोच, शिवाय रोवणीचे दिवसही खातो.

दिव्यांचे रंग

इशारा-दिव्यांचे रंग सर्वसाधारणपणे ठरलेले आहेत. लाल दिवा पेटल्यास यंत्र सुरक्षितपणे थांबवावे. पिवळा किंवा नारिंगी दिवा पेटल्यास काम उरकता येईल, परंतु तपासणी लवकर करावी. हिरवा व निळा दिवा केवळ माहिती देतो. उदाहरणार्थ, निळा दिवा पुढच्या दिव्याचा प्रखर झोत चालू असल्याचे दर्शवितो.

किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वी हे इशारा-दिवे क्षणभर पेटले पाहिजेत. ही दिव्यांची स्वतःची परीक्षा होय. जो दिवा या वेळी पेटत नाही, तो संकटातही पेटणार नाही. जुनी गाडी किंवा जुना ट्रॅक्टर विकत घेताना ही परीक्षा अवश्य पाहावी. दोष लपविण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असल्यास तो येथे उघडकीस येतो.

लाल दिवा : काम तेथेच थांबवावे

तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा सर्वांत महत्त्वाचा आहे. इंजिनात तेलाच्या दाबावर चालणारा एक छोटा स्विच असतो. दाब पुरेसा झाला की त्याची जोडणी तुटते व दिवा विझतो. चालत्या इंजिनावर हा दिवा पेटला याचा अर्थ बेअरिंगपर्यंत तेल दाबाने पोचत नाही. अशा स्थितीत धातूवर धातू घासू लागतो व थोड्याच मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. यास्तव इंजिन तत्काळ बंद करावे. यंत्र सपाट जागी असताना काही वेळाने तेलपट्टी पाहावी. तेल कमी असल्यास योग्य प्रतीचे तेल घालावे. तेल पुरेसे असूनही दिवा विझत नसल्यास इंजिन पुन्हा चालवू नये. दोष कदाचित स्विचचाही असेल, परंतु दाबमापकाने दाब मोजल्यावाचून तसे गृहीत धरू नये. चिखलात ट्रॅक्टर रुतून त्याचे तोंड फार वर उचलले गेल्यासही, तेल आधीच कमी असेल तर, हा दिवा लुकलुकतो. तो इशाराही खराच समजावा.

दुसरा दिवा बॅटरीच्या चित्राचा. तो चालत्या इंजिनावर पेटला तर बॅटरी भरली जात नाही असे समजावे. पुष्कळ इंजिनांत ज्या पट्ट्याने अल्टरनेटर फिरतो, त्याच पट्ट्याने पंखा व पाण्याचा पंपही फिरतो. तो पट्टा तुटल्यास आधी बॅटरीचा दिवा पेटतो व मागोमाग इंजिन तापते. म्हणून हा दिवा दिसताच प्रथम इंजिन बंद करून पट्टा पाहावा.

तिसरा इशारा तापमानाचा. चिखलणीत ट्रॅक्टरची चाल मंद व ओझे भारी असते. त्यातच जाळीवर चिखल बसतो. चुरणीच्या दिवसांत तणसाचा भुसा रेडिएटरच्या फटींत भरतो. हवा खेळेनाशी झाली की पाणी उकळते. अशा वेळी ओझे काढावे, इंजिन बंद करून निवू द्यावे आणि पूर्ण निवाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. गरम झाकण उघडल्याने दाबाखालील उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात. हंगामात रेडिएटरची जाळी रोज स्वच्छ करणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा

वरील तीन इशारे जुन्या ट्रॅक्टरांतही आढळतात. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा मात्र संगणकाबरोबर आलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासूनच्या गाड्यांना, धूर वाढविणारे दोष स्वतः ओळखण्याची व्यवस्था बंधनकारक केली. १९९६ पासून त्या देशातील सर्व नव्या मोटारींना एकसारखी व्यवस्था लागू झाली. भारतात २०१० नंतर ही व्यवस्था मोटारींत येऊ लागली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ चे नियम देशभर लागू झाल्यावर ती छोट्या मालवाहू गाड्यांतूनही गावोगावी पोचली. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाल्याने त्यांतही संगणकाने नियंत्रित इंजिने आली आहेत.

या व्यवस्थेत इंजिनावरील निरनिराळे सेन्सर संगणकास हवा, इंधन, उष्णता व धूर यांची वार्ता सतत देत असतात. एखादी वार्ता ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की संगणक एक दोषांक नोंदवितो व दिवा पेटवितो. दोष घडला त्या क्षणी इंजिनाचा वेग, ओझे व उष्णता किती होती, याचीही नोंद तो करून ठेवतो. वैद्याच्या दृष्टीने तापाचा तक्ता जसा उपयोगी, तशी मिस्त्रीस ही नोंद उपयोगी पडते.

हा दिवा स्थिर पेटला असेल, गाडी नेहमीप्रमाणे चालत असेल व लाल दिवा नसेल, तर हळू चालवीत गॅरेजपर्यंत जाण्यास सामान्यतः हरकत नसते. पेट्रोलच्या गाडीत तो लुकलुकू लागला तर मात्र एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही असे समजावे. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गावरील धूरशोधकात जाऊन तेथे जळते व त्यातील जाळी वितळू शकते. हा भाग फार महाग असतो. यास्तव वेग कमी करून गाडी शक्य तितक्या लवकर थांबवावी.

काजळीची गाळणी व तणसाचा धोका

भारत टप्पा ६ च्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती भरत आली की संगणक धुराची उष्णता वाढवून काजळी जाळतो. ही उष्णता सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. गावापासून बाजारापर्यंतच्या पाच-सात किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, काजळी जळणे अर्ध्यावर राहते व गाळणीचा दिवा पेटतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने ती काही काळ अखंड चालवावी. बहुधा पंधरा-वीस मिनिटे पुरतात. भंडारा, लाखनी व साकोली यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ यासारखा मोकळा रस्ता यास सोयीचा होय. दिव्याकडे अनेक दिवस दुर्लक्ष केल्यास गाळणी इतकी भरते की ती गॅरेजमध्येच साफ करावी लागते.

एक सावधगिरी धान उत्पादकांनी विशेष लक्षात ठेवावी. अशी तापलेली गाडी तणसावर, खळ्यात किंवा पुंजण्यांजवळ उभी करू नये. सायलेन्सरच्या उष्णतेने कोरडे तणस पेट घेऊ शकते व वर्षाचे धान क्षणात जळून जाऊ शकते.

शेतातील युरिया टाकीत घालू नये

काही डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची निराळी टाकी असते. तीत ३२.५ टक्के शुद्ध युरिया व क्षाररहित पाणी यांचा द्राव भरावा लागतो. हा द्राव धुरातील विषारी नायट्रोजन ऑक्साइडे निरुपद्रवी करतो. तो संपत आला की दिवा पेटतो. तरीही न भरल्यास काही गाड्यांची शक्ती घटते, तर काही बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत.

युरियाचे नाव ऐकताच खताच्या पोत्यातील युरिया पाण्यात विरघळवून भरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो कटाक्षाने टाळावा. खताच्या युरियात बाययुरेटचे प्रमाण दीड टक्क्यापर्यंत चालते. गाडीच्या द्रावात ते ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाही. शिवाय २०१५ पासून देशातील शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले आहे. हे तेल व विहिरीच्या पाण्यातील क्षार द्रावाचा पंप, तोटी व धूरशोधक निकामी करतात. शेतीसाठी अनुदानाने मिळणारा युरिया अन्य कामास वापरणे खत नियंत्रण आदेशान्वये निषिद्धही आहे. म्हणून तयार द्राव सीलबंद डब्यातूनच घ्यावा.

दिवा विझविण्याची योग्य रीत

दिवा विझविणे ही दुरुस्तीची अखेरची पायरी होय. तिचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात : तेल, पाणी, पट्टा, बॅटरीच्या तारा, हवेच्या नळ्या, एअर फिल्टर आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा. डिझेल कॅनमध्ये साठविले असल्यास पावसाळ्यात त्यात पाणी उतरते. त्याचाही स्वतंत्र दिवा काही यंत्रांत असतो. इंजिन बंद ठेवून फिल्टरखालील स्क्रू सैल करून पाणी काढावे.

२. दोषांक वाचून घ्यावा. मोटारी व छोट्या मालवाहू गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस १६ टोकांची जोडणी असते. तीत वाचक-यंत्र बसवून किल्ली चालू करताच दोषांक दिसतो. मोबाइलवर दोषांक दाखविणारी छोटी वाचक-यंत्रेही मिळतात. ट्रॅक्टरची जोडणी व यंत्र बहुधा निराळे असते. त्यासाठी विक्रेत्याच्या सेवाकेंद्राकडे जावे.

३. दोषांक तारखेसह वहीत लिहून ठेवावा. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त व इंधन कमी. दोषांक लक्षण सांगतो, बदलावयाचा भाग सांगत नाही. हवा जास्त होण्याचे कारण फाटकी नळी असेल, मळलेला सेन्सर असेल किंवा इंधनाचा दाब कमी असेल. तपासणी न करता सेन्सर विकत घेणे म्हणजे नाडी न पाहता औषध घेणे होय.

४. दोष दूर केल्यावरच वाचक-यंत्राने दोषांक पुसावा व गाडी काही दिवस नेहमीप्रमाणे चालवून पाहावी. दोष खरोखर गेला असल्यास, सर्वसाधारणपणे सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआपही विझतो. तोच दोषांक पुन्हा आल्यास दुरुस्ती अपुरी राहिली असे समजावे.

बॅटरीची तार काढून दिवा घालविण्याची रीत पुष्कळ ठिकाणी प्रचलित आहे. त्यायोगे दोषाच्या वेळची नोंद पुसली जाते, संगणकाने आत्मसात केलेले इंजिनाचे अंदाज नाहीसे होतात आणि मूळ दोष जागच्या जागीच राहतो. कित्येक नव्या गाड्यांत तर दिवाही या उपायाने जात नाही. दोषांक न लिहिता दिवा विझविणाऱ्या मिस्त्रीस शेतकऱ्याने विनयाने, पण स्पष्टपणे, कारण विचारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

रोवणीपूर्वी व कापणीपूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांची एक बैठक घ्यावी. प्रत्येक यंत्राची किल्ली फिरवून सर्व दिवे पेटतात की नाही हे सर्वांसमक्ष पाहावे. लाल व पिवळ्या दिव्यांचे अर्थ, विशेषतः यंत्र प्रत्यक्ष चालविणाऱ्या तरुणांस, समजावून द्यावेत; कारण पुस्तिका मालकाच्या पेटीत व दिवा चालकासमोर, अशी स्थिती अनेकदा असते. भाड्याने ट्रॅक्टर चालविणाऱ्याने घाईमुळे दिवा दडवू नये आणि शेतमालकानेही, लाल दिवा पेटला असता, एवढी बांधी पुरी करा असा आग्रह धरू नये. अवजारे बँक चालविणाऱ्या गटांनी एक वाचक-यंत्र व दोषांकांची एक वही ठेवल्यास गावातील अनेक गाड्यांस तिचा उपयोग होईल.

एका बांधीचे काम दुपारपर्यंत थांबले तर ती हानी संध्याकाळी भरून काढता येते. जाम झालेले इंजिन उघडून पुन्हा जोडीपर्यंत मात्र रोवणीचा हंगाम निघून जातो, आणि गेलेला हंगाम कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.