श्वास घे म्हणून सांगतो कोण?

गेल्या वैशाखांत आमच्या मूळ गांवीं सारें कुटुंब जमलें होतें. परसांतील विहिरीला पाणी चांगलें होतें आणि पोहणारीं मुलें आठ-दहा होतीं. तेव्हां पाण्याखालीं अधिक वेळ कोण राहतो याची चुरस लागणें ओघानेंच आलें. आमच्या थोरल्या बंधूंचा चौदा वर्षांचा मुलगा दर खेपेस जिंकत होता. त्याची युक्ति आमच्या लक्षांत आली. बुडी मारण्यापूर्वीं तो पायरीवर उभा राहून वीस-पंचवीस वेळां भात्याप्रमाणें जोरजोरानें श्वास घेई व सोडी, आणि मग पाण्यांत शिरे. आम्हीं त्यास हांक मारून वर बोलावलें व असें पुन्हां करूं नको म्हणून बजावलें.

"काका, मी तर छातींत प्राणवायु भरून घेतों. त्यांत वाईट तें काय?" असा त्याचा प्रश्न. आमचे वडील, ज्यांस घरांत सर्व अण्णा म्हणतात, रहाटाजवळ बसले होते. तेही म्हणाले, "अरे, पोर म्हणतो तें खोटें कोठें आहे? दीर्घ श्वास घ्यावा हें आपणच त्यांना शिकवीत आलों." घरांतील झाडून सर्व मंडळींचें मत मुलाच्या बाजूस पडलें. त्या सायंकाळीं ओटीवर बसून आम्हीं जें सांगितलें, तेंच थोडें विस्तारून वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा गैरसमज केवळ आमच्याच घरांत आहे असें नाहीं, आणि तो प्रसंगीं जिवावर बेततो.

हवा ज्या वाटेनें आंत जाते ती वाट प्रथम पाहूं. नाकाची पोकळी बाहेरून दिसते त्याहून पुष्कळ मोठी असून तींत दोन्ही बाजूंस शिंपल्यासारखीं वळलेलीं हाडें आहेत. त्यांवरील ओलसर त्वचेखालीं रक्ताचें दाट जाळें असतें. पौषांतील थंड हवा या वळणावळणांतून जातां जातां उबदार व दमट होते, आणि तिच्यांतील धूळ तेथेंच चिकटून राहते. पुढें घसा. येथें निसर्गानें जी योजना केली आहे ती, आम्हांस विचाराल तर, फारशी शहाणपणाची नव्हे. नाक वर आणि अन्ननलिका मागें, तोंड खालीं आणि श्वासनलिका पुढें; त्यामुळें हवेची व अन्नाची वाट घशांत एकमेकींस छेदून जाते. प्रत्येक घांसाबरोबर स्वरयंत्र वर उचललें जातें, त्यावर एक लहानशी पडदी झांकणासारखी पडते, आणि तेवढा क्षण श्वास थांबतो. पंगतींत कोणी विनोद केला आणि घांस गिळतां गिळतां हंसूं आलें, कीं ही शिस्त मोडते व ठसका लागतो. जेवतांना बोलूं नये हा वडील माणसांचा दंडक यापुरता तरी शरीरशास्त्राला धरून आहे.

श्वासनलिका चार-साडेचार इंच लांब असते. ती मिटूं नये म्हणून तिला कूर्चेचीं अर्धवट कडीं बसविलेलीं आहेत. मागच्या बाजूस तीं उघडीं असतात. छातींत तिचे दोन फांटे होतात. उजवा तीन खंडांच्या फुप्फुसांत जातो, डावा दोन खंडांच्या, कारण डावीकडे हृदयासाठीं जागा सोडावी लागते. मग फांट्याला फांटा असे सुमारें तेवीस वेळां फुटत जातात. आंतून या नळ्यांना सूक्ष्म लव असते. ती अहोरात्र हलत राहून कफाचा पातळ थर व त्यांत अडकलेली धूळ घशाकडे वर ढकलीत असते. शेवटच्या फांट्यांना द्राक्षांच्या घडाप्रमाणें वायुकोश लागलेले असतात. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरांत आहे. ते सर्व उलगडून पसरले तर सुमारें सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे आमच्या गांवच्या घरांतील ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर मिळून जेवढी जमीन सारवावी लागे, तेवढी! आणि या एवढ्या पसाऱ्याची भिंत किती जाड? केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. तिच्या एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस केशवाहिनींतून एकेक करून सरकणाऱ्या तांबड्या पेशी. या केशवाहिन्या प्रथम इटलींतील माल्पीगी या शास्त्रज्ञानें १६६१ सालीं बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्या.

फुप्फुसांना हवा ओढून घेण्याची स्वतःची शक्ति नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. छाती व पोट यांमध्यें स्नायूचा एक घुमटाकार पडदा आहे, त्यास श्वासपटल म्हणतात. तो आंखडला कीं खालीं उतरतो, बरगड्या वर व बाहेर सरतात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आपोआप आंत येते. तो सैल सुटला कीं फुप्फुसें रबराप्रमाणें आकसतात व हवा बाहेर पडते. शांत बसलेला मनुष्य एका श्वासांत सुमारें अर्धा लिटर हवा घेतो. त्यांतील तिसरा हिस्सा नळ्यांतच राहतो, वायुकोशांपर्यंत पोंचतच नाहीं. बाहेरच्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१; उच्छ्वासांत तो शेंकडा १६ च्या आसपास उरलेला असतो. म्हणजे आपण प्राणवायूचा थोडाच भाग वापरतों; म्हणूनच बुडालेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडचा उच्छ्वास दिला तरी तो वांचूं शकतो. प्राणवायूच्या मोबदल्यांत रक्त जो वायु टाकून देतें त्यास जुन्या पुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत. हल्लीं मुलें त्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात. आम्ही येथें जुनेंच नांव वापरतों.

आतां मुख्य प्रश्न. श्वास घे, अशी आज्ञा देणारें ठाणें मेंदूच्या अगदीं तळाशीं लंबमज्जेंत आहे. पण श्वास घेण्याची वेळ झाली हें त्यास समजतें कशावरून? सामान्य समजूत अशी कीं, प्राणवायु कमी पडला कीं जीव गुदमरतो. ही समजूत बहुतांशीं चुकीची आहे. ऑक्सफर्ड येथील हाल्डेन व प्रीस्टली यांनीं १९०५ सालीं दाखवून दिलें कीं, वायुकोशांतील हवेंत कर्बाम्ल वायूचें प्रमाण शेंकडा ०.२ इतकेंच वाढलें तरी श्वासोच्छ्वास दुप्पट होतो. उलट प्राणवायु बराच उतरेपर्यंत श्वासांत फारसा फरक पडत नाहीं. पाण्याखालीं छाती फुटेलसें वाटतें, ती हांक प्राणवायूच्या टंचाईची नसून सांचलेल्या कर्बाम्ल वायूची असते. मानेंतील मोठ्या धमनीच्या फांट्याशीं तांदुळाच्या दाण्याएवढी एक गांठ आहे, ती प्राणवायूवर नजर ठेवते. बेल्जममधील हेमान्स यांस या शोधाबद्दल १९३८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ही पहारेकरीण फार उशिरां जागी होते, आणि कर्बाम्ल वायु कमी असेल तर तिचा आवाजही क्षीण असतो.

प्राणवायूच्या अभावीं मनुष्याला काय वाटतें, याची एक विलक्षण हकीकत आहे. १८७५ च्या एप्रिलच्या १५ तारखेस पॅरिसहून 'झेनिथ' नांवाचें बलून तिघांना घेऊन वर गेलें: तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल. उंचावरील हवा विरळ असते हें त्यांस पूर्ण ठाऊक होतें. प्राणवायु मिसळलेल्या हवेच्या पिशव्याही त्यांनीं बरोबर घेतल्या होत्या, आणि श्वास घ्यावयाच्या नळ्या हाताशीं लोंबत होत्या. बलून आठ हजार मीटरच्या वर गेलें. तिसांदिएनें पुढें लिहून ठेवलें आहे कीं, त्या उंचीवर यातना अशी कांहींच होत नाहीं. उलट एक आंतरिक आनंद वाटतो, जणू प्रकाशाच्या पुरानें अंग भरून जावें. नळी तोंडांत घ्यावी असें त्याच्या मनांत आलें, पण हात उचलेना. ओरडावेंसें वाटलें, तों जीभ हालेना. तो शुद्धीवर आला तेव्हां बलून खालीं येत होतें आणि त्याचे दोन्ही सोबती मृत झाले होते. प्राणवायूच्या पिशव्या डोक्यावर असतां, गुदमरल्याची जाणीवसुद्धां न होतां, दोन जाणते पुरुष गेले.

आमच्या पुतण्याची युक्ति हाच प्रकार पाण्याखालीं घडवून आणणारी होती. निरोगी माणसाच्या धमनींतील रक्त मुळांतच शेंकडा ९७-९८ इतकें प्राणवायूनें भरलेलें असतें. भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतून काय मावणार? भात्यासारखा श्वास घेतल्यानें प्राणवायु वाढतो तो नांवालाच; कर्बाम्ल वायु मात्र सपाट्यानें बाहेर फेंकला जातो. मग पाण्यांत शिरल्यावर तो पुन्हां सांचण्यास वेळ लागतो, म्हणून गुदमरत नाहीं, आणि मुलाला वाटतें आपला दम वाढला. इकडे प्राणवायु उतरतच असतो. वर येण्याची हांक कानीं पडण्यापूर्वींच मेंदूचा दिवा विझतो, आणि बेशुद्ध शरीर पाण्याखालींच पुढचा श्वास घेतें. उत्तम पोहणारीं तरुण मुलें अशा रीतीनें बुडालेलीं आहेत.

हें ऐकून अण्णा किंचित् उखडले. "म्हणजे आमचा चाळीस वर्षांचा प्राणायाम व्यर्थच कीं काय?" आम्हीं म्हटलें, "अण्णा, व्यर्थ कोण म्हणतो? पण तुम्ही तो विहिरींत उडी मारण्यासाठीं करीत नाहीं." लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें व प्राणायामाच्या वेळीं आंतबाहेर होणाऱ्या वायूंचें प्रयोगशाळेंत मोजमाप करविलें, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह आहे. संथ श्वासानें मन निवतें, श्वासपटलाला वळण लागतें, हें आम्हांस मान्य आहे. मात्र रक्तांत जादा प्राणवायु सांठतो म्हणून हा लाभ होतो असें जें ठिकठिकाणीं ऐकूं येतें, तें आम्हांस पटत नाहीं.

याच गोष्टीचा दुसरा अनुभव पुष्कळ घरांनीं २०२०-२१ च्या सांथींत घेतला आहे. आमचे मामा १५-२० दिवस आमच्याकडेच होते. अंगांत ताप, पण आरामखुर्चींत बसून वर्तमानपत्र वाचीत होते व चहा मागत होते. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर ८२ आंकडा दाखवूं लागला. यंत्र बिघडलें असेल, असें ठरवून आम्हीं तें पुसलें, बोट बदललें, वेळ घालविला. मामा म्हणत, "मला कांहीं होत नाहीं रे, उगीच घाबरतां." आम्हीं त्यांचें ऐकलें, ही चूक आज कबूल करतों, त्या घोळांत सबंध तीन तास गेले. कारण असें होतें: कर्बाम्ल वायु ओल्या पडद्यांतून प्राणवायूच्या वीसपट सहजतेनें पार होतो. फुप्फुसाचा कांहीं भाग निकामी झाला तरी उरलेला चांगला भाग तो वायु बाहेर टाकून देऊं शकतो, म्हणून गुदमरत नाहीं. पण चांगल्या भागांतील रक्त आधींच भरलेलें असल्यामुळें तें दुसऱ्या भागाची प्राणवायूची तूट भरून काढूं शकत नाहीं. मामा वांचले. रुग्णालयांत गेल्यावर तीन आठवड्यांनीं ते घरीं परतले.

त्या लहानशा यंत्रामागील कल्पना जपानांतील ताकुओ आओयागी यांस १९७४ च्या सुमारास सुचली. योगायोग असा कीं, साऱ्या जगाला त्या यंत्राची गरज पडली त्याच वर्षीं, २०२० च्या एप्रिलांत, ते वारले. पण यंत्रालाही एक फसगत ओळखतां येत नाहीं. पूर्वींच्या तांब्याच्या बंबाची जागा कित्येक घरीं गॅसच्या गीझरनें घेतली आहे. मोरी लहान, खिडकी बंद, आणि आंत ज्योत जळत असली कीं प्राणवायु अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील प्राणवायूची जागा तो दोनशेंपटींहून अधिक चिवटपणें धरून बसतो. कर्बाम्ल वायु नेहमींप्रमाणें बाहेर जातच असतो. सबब दम लागत नाहीं, डोकें दुखतें, झांपड येते, आणि स्नान करणारा तेथेंच कोसळतो. ऑक्सिमीटर या वायूला प्राणवायु समजून चांगला आंकडा दाखवितो. बाळंतिणीच्या खोलींत दारें लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची जुनी रीत होती, ती याच कारणास्तव घातक. अशा गीझरची जागा मोरीच्या बाहेर मोकळ्या हवेंत. त्याविषयीं घरांत वाद घालूं नये.

अण्णांना मग त्यांच्या तरुणपणची एक आठवण झाली. गाळ काढण्यासाठीं जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं पेटता कंदील दोरीनें खालीं सोडीत, आणि तो विझला तर कोणी उतरत नसे. ही रीत चांगलीच होती. कुजलेल्या पाल्यानें विहिरींतील प्राणवायु संपलेला असतो हें ती दाखवी. परंतु विहिरींत डिझेलचें इंजिन चाललेलें असेल तर तोच कंदील खुशाल जळत राहील, आणि माणूस मात्र पडेल. अशा वेळीं त्याला काढण्यासाठीं दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठीं तिसरा. वर्तमानपत्रांत एकाच घरांतील तिघांच्या बातम्या येतात त्या अशा. वरून आधीं हवा सोडावी, कमरेला दोर बांधल्यावांचून व दोर धरणारे वर उभे असल्यावांचून कोणी पायरी उतरूं नये, आणि अग्निशामक दलास बोलावणें धाडावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अण्णा स्वतः पायरीवर येऊन बसले व आंकडे मोजूं लागले. भाता चालवावयाचा नाहीं, एक जण पाण्यांत असतां दुसऱ्यानें त्याच्यावर नजर ठेवावयाची, आणि वर यावेंसें वाटलें कीं यावयाचें, असा करार झाला. आदल्या दिवशीं साठांच्या पुढें जाणारा आमचा पुतण्या अडतीसला वर आला. पहिला नंबर त्याच्या धाकट्या चुलत बहिणीचा लागला.