सरकारी जमेचे आकडे व मृत्यूच्या कारणांची नोंद

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ हे पुस्तक प्रसिद्ध होते. त्यात सरकारची करांपासूनची जमा, खर्च, पीकपाणी व आरोग्य यांची कोष्टके असतात. आमच्या चिपळूण तालुक्यातील शेतकरी बंधूंना हे आकडे आपल्या कामाचे वाटत नाहीत. तथापि या कोष्टकांचा आपल्या घराशी किती निकट संबंध आहे, हे थोडक्यात दाखविण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. वाडवडिलांच्या काळी सरकारची मोठी जमा म्हणजे जमीन महसूल. आज राज्याच्या करउत्पन्नात त्याचा वाटा अगदीच अल्प उरला आहे. 1 जुलै 2017 पासून सुरू झालेला वस्तू व सेवा कर, पेट्रोल, डिझेल व मद्य यांवरील विक्रीकर, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी, उत्पादन शुल्क, वाहनांवरील कर, ही आजची मुख्य कलमे होत. यावरून ‘आम्ही काही कर भरीत नाही’ असे म्हणणारा शेतकरी चुकतो, हे उघड आहे. खताच्या पोत्यावर शेकडा 5 कर आहे. पंपात घातलेल्या डिझेलवर आहे. घराच्या सिमेंटवर व पत्र्यावरही आहे. फरक इतकाच की, साऱ्याची पावती मिळते आणि हा कर किमतीत मुरून जातो. तेव्हा सरकारी तिजोरीत आपलाही पैसा आहे, व तो कोठे खर्च होतो हे विचारण्याचा आपणास अधिकार आहे.

कोष्टक वाचताना एक सावधगिरी बाळगावी. एकाच वर्षाचे तीन आकडे असतात: आरंभीचा अर्थसंकल्पीय अंदाज, वर्षाच्या मध्यावरील अनुभवाने बदललेला सुधारित अंदाज, व हिशेब पुरा झाल्यावरची प्रत्यक्ष रक्कम. पहिला आकडा हा संकल्प आहे, तिसराच खरा. जमेचा तिसरा आकडा बहुधा विश्वसनीय असतो, कारण प्रत्येक रुपयामागे चलन असते.

मृत्यूच्या कारणांचे तसे नाही. 2020 साली देशात सुमारे 81 लाख मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी वैद्याने कारण प्रमाणित केलेले शेकडा साडेबावीसच होते. बाकीच्यांचे कारण वैद्यकीय दृष्ट्या अनिश्चितच राहिले. घरी मेलेल्या खेडुताचे कारण तर बहुधा ‘वार्धक्य’ वा ‘अचानक’ एवढ्या शब्दांत आटोपते.

याचा परिणाम किती घातक होतो, ते सर्पदंशाच्या उदाहरणावरून कळेल. 2005 साली सरकारी रुग्णालयांच्या अहवालांवरून देशातील सर्पदंशाचे मृत्यू दीड हजारांच्या आतबाहेर दिसत. पण घरोघर जाऊन, कुटुंबीयांकडून लक्षणे विचारून केलेली पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तीच संख्या सुमारे 46 हजार निघाली. त्यांतील बहुतेक सर्व खेड्यांतले, तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर मेलेले, व निम्म्याहून अधिक जून ते सप्टेंबर या लावणीबेणणीच्या दिवसांतले. जो मृत्यू दप्तरात नाही, त्याच्यासाठी लस कोण मागणार?

आमचा जिल्हा तर फुरशांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात फुरसे मारून आणणाऱ्यास सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळत असे. सड्यावरचे दगड, गडगा व गवताची गंजी ही त्यांची घरे. नाग, मण्यार व घोणस शेतात आहेतच. 2 जुलै 2019 च्या रात्री आमच्याच तालुक्यातील तिवरे धरण फुटले व सुमारे वीस माणसे दगावली. ते संकट साऱ्या राज्याने पाहिले. सर्पदंशाने मात्र आज या वाडीत एक, महिन्याने त्या वाडीत एक, असे माणूस जाते. त्याची बातमी होत नाही, आणि नोंदही नीट न झाली तर ते मेले तरी कशाने, हेही कोणास कळत नाही.

नोंदीचा संबंध थेट तिजोरीशीही आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली सर्पदंशासह अपघाती मृत्यूस 2 लक्ष रुपये वारसांस मिळतात. पंचनामा, शवविच्छेदन व मृत्यूचा दाखला यांत कारण स्पष्ट नसेल तर तो हक्क हातचा जातो.

यास्तव प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. दंश होताच मंत्रतंत्रात वेळ न दवडता रोग्यास कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात वा जेथे लस मिळेल अशा जवळच्या दवाखान्यात न्यावे. दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास पोलिसांस कळवावे व शवविच्छेदनास नकार देऊ नये. मृत्यूची खबर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत 21 दिवसांच्या आत द्यावी. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारणाचा दाखला विनामूल्य द्यावा असा कायदा आहे. तो मागून घ्यावा व त्यातील शब्द वाचून पाहावेत.

1949 साली खोती नाहीशी करण्याचा कायदा झाला, तेव्हा दप्तरात नाव असल्यावाचून हक्क टिकत नाही, हे कोकणच्या कुळांनी अनुभवाने जाणले. जिवंतपणी सात-बाराची जितकी काळजी आपण घेतो, तितकीच मेलेल्या माणसाच्या त्या एका ओळीची घ्यावी. ती ओळ खरी लिहिली गेली तर पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या मुलासाठी दवाखान्यात लस असण्याचा संभव वाढेल, अशी आमची खात्री आहे.