शरणागती, ख्रिस्ती

आध्यात्मिक संघर्षात स्वतःच्या सामर्थ्यावरील भिस्त सोडून आपली इच्छा ईश्वराच्या इच्छेच्या स्वाधीन करण्याची ख्रिस्ती धर्मातील मनोवृत्ती व साधना. पाप, मोह, संशय आणि दुःख यांच्याशी चालणारा झगडा केवळ निश्चयाच्या बळावर जिंकता येत नाही. ईश्वरी कृपेचा स्वीकार केल्यानेच त्यातून मार्ग निघतो, ही तिच्यामागील धारणा होय.

या कल्पनेचा मुख्य आधार नव्या करारात आढळतो. क्रूसावरील मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू ख्रिस्ताने आपले दुःख टळावे अशी प्रथम याचना केली आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. त्यामुळे वेदना व भय नाकारणे हा शरणागतीचा अर्थ होत नाही. संत पॉल यांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, चांगले करण्याची इच्छा असूनही हातून वाईटच घडते, या मानवी विसंगतीचे वर्णन करून तीतून ख्रिस्तच सोडवितो, असे प्रतिपादन केले आहे.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांना ३८६ साली मिलान येथे दीर्घ अंतर्द्वंद्वानंतर हाच अनुभव आला. पुढे पेलेजियसच्या मताचे खंडन करताना, मानवाचा सत्संकल्पदेखील कृपेवर अवलंबून असतो, अशी भूमिका त्यांनी मांडली. मठातील कठोर व्रताचरणाने मनःशांती न लाभलेल्या मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांनी श्रद्धेनेच मनुष्य नीतिमान ठरतो, हे तत्त्व पुरस्कारिले. मात्र सर्व प्रयत्न थांबवून मन निष्क्रिय ठेवावे, ही मीगेल दे मोलिनोस यांची शिकवण पोप अकरावे इनोसंट यांनी १६८७ मध्ये निषिद्ध ठरविली. प्रार्थना, पश्चात्ताप व सेवा ही शरणागताचीही कर्तव्ये मानली जातात.

महाराष्ट्रात या कल्पनेला वेगळे वळण लाभले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु तेथील अँग्लिकन भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, केवळ चर्चच्या अधिकारावर विसंबून धर्ममते स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्यांनी नमूद केले आहे, की ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही कित्येक वर्षे त्यांना अंतरीचे समाधान लाभले नव्हते. स्वतःला सर्वस्वी ख्रिस्ताच्या हवाली केल्यावरच ते लाभले. केडगावच्या मुक्ती सदनातील त्यांचे अनाथ व निराधार स्त्रियांसाठीचे कार्य याच अनुभवानंतर विस्तारले.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाकडून बायबल मिळाले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे वाचन, शंका आणि आप्तांच्या वियोगाची भीती यांत काढून त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतः विचार करून १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या काळातील मनस्ताप त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात वर्णिलेला आहे.

टिळकांच्या ख्रिस्ती काव्यातील शरणभाव वारकरी परंपरेच्या वळणाचा आहे. गंगाखेडच्या (जि. परभणी) जनाबाईंपासून तुकारामांपर्यंतच्या संतांनी मराठीत रूढ केलेली समर्पणाची भाषा त्यांना आयतीच उपलब्ध होती. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. १९१७ साली अमेरिकन मिशनची सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते.

शरणागतीच्या उपदेशाचा उपयोग दुर्बलांना अन्याय मुकाट्याने सोसावयास लावण्यासाठीही होऊ शकतो, हा तिच्यावरील महत्त्वाचा आक्षेप आहे. रमाबाई व टिळक यांची चरित्रे या आक्षेपाच्या संदर्भात उद्‌बोधक ठरतात. ईश्वरापुढे ज्यांनी आपला अहंभाव सोडला, त्यांनीच धर्मसंस्थेपुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. ईश्वराच्या ठायी शरण जाणे आणि माणसांच्या अधीन होणे यांतील हा भेद ख्रिस्ती शरणागतीच्या आकलनास आवश्यक आहे.