एका प्लॉटवर एकच घर : मिनिआपोलिसने काढलेली अट, चंडीगडने राखलेली अट



आजचा विषय एका मित्राच्या फोनवरून सुचला. सेनेत आम्ही बरोबर होतो. तो मूळचा साताऱ्याचा, पण मुलगी मोहालीत असते म्हणून काही वर्षांपूर्वी चंडीगडमध्ये घर बघत होता. दलालाने एका कोठीचा तळमजला दाखवला. जागा आवडली, भाव जमला. मग कागदाचा मसुदा हातात आला, तर त्यात तळमजल्याचा उल्लेखच नाही. 'सदर मालमत्तेतील एक-तृतीयांश अविभक्त हिस्सा', एवढंच. तो मला म्हणाला, "अरे, मी घर घेतोय की हिस्सा? वरच्या दोघांनी उद्या 'तळमजला आमचा' म्हटलं तर?"

त्याचा गोंधळ साहजिक होता. महाराष्ट्रात १९६३ साली मालकीच्या फ्लॅटचा कायदा आला, १९७० साली अपार्टमेंटचा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा मालक असणं यात आपल्याला काहीच नवल वाटत नाही. चंडीगडचं तसं नाही. ते शहर १९५२ च्या खास कायद्याखाली वसवलं गेलं आणि प्लॉट विकण्याचे नियम १९६० मध्ये आले. त्यांत साफ लिहिलं होतं की प्लॉटचे किंवा इमारतीचे तुकडे पाडायचे नाहीत. कनालचा प्लॉट म्हणजे तिथे साधारण ५०० चौरस यार्ड. त्यावर एक कोठी आणि त्या कोठीत एक घर.

२००१ साली प्रशासनाने मजल्यानुसार मालकीची वाट उघडली आणि २००७ मध्ये परत बंद केली. मग लोकांनी पळवाट काढली. कागदावर हिस्सा घ्यायचा आणि कोण कुठल्या मजल्यावर राहणार, याचा आपसांत वेगळा करार करायचा. माझ्या मित्राच्या हातात आलेला कागद हाच. त्याने सुदैवाने व्यवहार केला नाही. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० या पहिल्या टप्प्यात ही पळवाटही बंद केली.

आता प्रश्न असा, की 'एका प्लॉटवर एकच घर' ही अट चांगली की वाईट? आपल्याकडे यावर भांडण पुष्कळ होतं, पण अट काढून बघितली तर काय होतं याचा अनुभव कुणाला नाही. तो अनुभव अमेरिकेतल्या एका शहराला आहे. म्हणून आज थोडं लांब जाऊ.

मिनिआपोलिस हे मिसिसिपी नदीकाठचं शहर, लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आसपास. २०१८ पर्यंत तिथे राहण्यासाठी राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमिनीवर एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर बांधता येत असे. जुन्या वस्त्यांत दोन-तीन बिऱ्हाडांची घरं पूर्वीपासून उभी होती, पण तशी नवी बांधायला बहुतेक ठिकाणी बंदी. कारण काय सांगायचे? शांतता, उजेड, मोकळी हवा, गाड्यांची गर्दी नको. ऐकायला सगळं रास्त.

पण या अटीची एक जुनी भावंडं होती. १९१० पासून तिथल्या खरेदीखतांत एक कलम येऊ लागलं : हे घर चिनी, जपानी, तुर्की किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला विकायचं नाही, गहाण ठेवायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. सरकारचा हा कायदा नव्हता. विकणाऱ्याने घातलेली अट, पण ती जमिनीला चिकटलेली, मालक बदलला तरी कायम. २०१६ पासून तिथल्या अभ्यासकांनी स्वयंसेवकांच्या मदतीने जुनी खतं एकेक करून वाचली. 'मॅपिंग प्रेज्युडिस' हे त्या कामाचं नाव. एकट्या मिनिआपोलिस शहरात त्यांना अशी ८,००० हून जास्त खतं सापडली. नकाशावर ती ठिपक्यांनी दाखवली, तेव्हा लोकांना आपलीच गल्ली त्यात दिसली.

इथे तारखा एकापुढे एक ठेवून बघा. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने फक्त एका कुटुंबाच्या घरांसाठी वेगळा विभाग आखला. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहराने वर्णावरून मोहल्ले वाटायचे नाहीत. १९२६ मध्ये त्याच न्यायालयाने युक्लिड गावच्या खटल्यात घरांच्या प्रकारावरून विभाग पाडायला मान्यता दिली, आणि स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटच्या इमारतीला निकालपत्रात चक्क बांडगूळ म्हटलं. १९४८ मध्ये वर्णाची कलमं कोर्टात लागू होण्याची थांबली आणि १९६८ च्या कायद्याने पूर्ण बेकायदा ठरली. एक-घराची अट मात्र सगळीकडून सुखरूप बाहेर पडली. तिच्यात कुणाच्या रंगाचं नाव नव्हतं ना!

तिचं काम पैशातून चालतं. समजा प्लॉटची किंमत ६० लाख. त्यावर एकच घर चालत असेल, तर त्या घरावर जमिनीचा भार ६० लाख. तीन घरं चालत असतील, तर प्रत्येकावर २०. चाळीस लाखांची ही भिंत कुणी बांधलेली दिसत नाही, पण तिच्या आत कोण येईल हे ठरतं. मिनिआपोलिसच्या परिसरात आजही गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण तीन-चतुर्थांशांकडे स्वतःचं घर आहे, काळ्या कुटुंबांपैकी साधारण एक-चतुर्थांशांकडे.

बदलीच्या नोकरीत ज्यांनी भाड्याची घरं शोधली आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही. "आडनाव काय? मांसाहार करता का?" हे मी गणवेशात उभा असताना ऐकलंय. आणि अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा पोटनियम सहकार कायद्याखाली वैध धरला. त्यामुळे अमेरिकेकडे बोट दाखवताना जरा जपून.

७ डिसेंबर २०१८ रोजी मिनिआपोलिसच्या नगर परिषदेने '२०४०' नावाचा आराखडा १२ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. मूळ मसुद्यात एका प्लॉटवर चार घरं होती. विरोध इतका झाला की ती तीनवर आणावी लागली. 'आमच्या वस्तीवर बुलडोझर नको' अशा पाट्या अंगणाअंगणात लागल्या होत्या. जानेवारी २०२० पासून तीन घरांची मुभा लागू झाली. २०२१ मध्ये शहराने आणखी एक जुनी सक्ती काढली : नव्या इमारतीत अमुक इतक्या गाड्यांची जागा हवीच, ही. पर्यावरणाच्या मुद्द्यावर खटला झाला, कोर्टाने काही काळ आराखडा रोखलाही. शेवटी २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो वाचवला.

मग बुलडोझर आले का? नाही आले. आता गंमत बघा : ज्या तीन घरांवरून एवढं रण पेटलं, ती फारच थोडी बांधली गेली. कारण सोपं आहे. तीन घरांना परवानगी दिली, पण इमारतीचा एकूण आकार जवळजवळ एका घराइतकाच ठेवला. भाकरी तेवढीच, खाणारे तीन. बिल्डर कशाला हात घालेल?

खरं बांधकाम झालं ते बस आणि रेल्वेच्या मार्गालगत, मोठ्या इमारतींचं. तिथे उंची वाढवून दिली होती आणि पार्किंगची सक्ती गेली होती. प्यू या संस्थेने मांडलेले आकडे असे : २०१७ ते २०२२ या काळात मिनिआपोलिसमधली घरं १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडं १ टक्क्याने. त्याच काळात मिनेसोटा राज्याच्या उरलेल्या भागात घरं ४ टक्क्यांनी वाढली, भाडं १४ टक्क्यांनी. हे सगळं श्रेय आराखड्याला देऊ नका. मधे कोविड होता, आणि मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉईडची हत्या याच शहरात झाली. त्यानंतर शहर बराच काळ अस्वस्थ होतं. पण घरं वाढली तिथे भाडं आवरलं, एवढं तरी आकडे सांगतात.

हे घेऊन चंडीगडला परत येऊ. न्यायालयाने अट राखली, त्यामागची कारणं हलकी नाहीत. पहिला टप्पा दीड लाख माणसांसाठी आखलेला होता, त्याला वारशाचं मोल आहे, आणि पाण्याच्या, सांडपाण्याच्या वाहिन्या त्या हिशेबाच्या आहेत. निकालात बंगळुरूची अवस्था उदाहरण म्हणून दिली आहे. ज्याने तिथला पावसाळा पाहिलाय तो वाद घालणार नाही.

तरी मला एक गोष्ट खटकते. कोठीत मजल्यानुसार तीन भाऊ राहिले तर चालतात, तीन परकी कुटुंबं राहिली तर नियम मोडतो. नळाला भाऊ आणि परका यांतला फरक कळत नाही. चिंता पाण्याची असेल, तर माणसं मोजा, मजले मोजा, वाहिनीची क्षमता मोजा. मालकीचा कागद मोजून पाणी वाचत नाही. शिवाय माणसं थांबलेली नाहीत. ती मोहालीत, पंचकुल्यात, झिरकपुरच्या टॉवरांत गेली आणि रोज सकाळी गाडी घेऊन त्याच सेक्टरांत कामाला येतात. आणि ज्या जुन्या फौजी कुटुंबांनी त्या काळी प्लॉट घेतले, त्यांच्या मुलांपुढे आता दोनच वाटा उरतात. एकाने बाकीच्यांना पैसे द्यायचे, नाहीतर अख्खी कोठी विकायची. कनालची कोठी अख्खी कोण घेतो, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्यापैकी कुणी तिथे घर बघत असेल, तर आधी सेक्टरचा आकडा विचारा : ३० पर्यंतचा की पुढचा. मग मसुद्यात 'मजला' लिहिलंय की 'हिस्सा', ते वाचा. हिस्सा असेल, तर उरलेले हिस्सेदार कोण, ते एकाच कुटुंबातले आहेत का, आणि आपसांतला करार कुठे नोंदला आहे का, हे वकिलाकडून आणि इस्टेट ऑफिसमधून तपासून घ्या. बयाणा त्यानंतर.