टोकन देण्याआधी

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंतचे तीन आठवडे म्हणजे घरांच्या बाजारातली सुगी. वर्तमानपत्र उघडले की बातमीआधी जाहिराती दिसतात. रविवारी सगळे कुटुंब साइटवर जाते. सँपल फ्लॅटमध्ये मंद दिवे असतात, गार हवा असते. आई ओट्याची उंची बघते, मुले खोल्या वाटून घेतात आणि विक्री कार्यालयातला तरुण आर्जवाने म्हणतो, "काका, मुहूर्त चांगला आहे. एक्कावन्न हजारांचं टोकन टाकून ठेवा, बाकीचं नंतर बघू."

हे 'बाकीचं नंतर बघू' फार महागात पडू शकते. टोकन देईपर्यंत प्रश्न विचारायला, घासाघीस करायला आणि उठून निघून यायला आपण मोकळे असतो. टोकन दिले की आपणच आपल्या निर्णयाची वकिली करू लागतो. खटकलेल्या गोष्टीही मग चालवून घेतो. म्हणून जे पाहायचे ते सगळे त्याआधीच पाहायला हवे.

आधी आपली वही

घराची किंमत म्हणजे घराचा खर्च नव्हे. पुण्यात बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. म्हणजे आपल्याला फार तर ४८ लाख मिळतील आणि १२ लाख खिशातून घालावे लागतील. शिवाय मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. हे साडेसात लाख बँक सहसा किमतीत धरत नाही. एकूण साडेएकोणीस लाख हाताशी हवेत, आणि पार्किंग, सोसायटीची आगाऊ वर्गणी, पंखे, कपाटे यांचा हिशेब अजून झालेलाच नाही.

यात दोन गोष्टी हलक्या करता येतात. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ६० हजार वाचतात. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. मुद्रांक शुल्क मात्र करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारले जाते, हे लक्षात असू द्या. घर ५० लाखांचे किंवा त्याहून महाग असेल, तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

आता हप्ता. ४८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे ४१,६५० रुपये भरावे लागतात आणि एकूण फेड जवळपास १ कोटी होते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे ४७,२५० होतो, पण एकूण फेड ८५ लाखांवर थांबते. महिन्याच्या साडेपाच हजारांनी जवळजवळ १५ लाख वाचतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. म्हणून बोनस आला की थोडे मुद्दल फेडून टाकावे.

चौरस फूट नेमके कुठले?

बिल्टअप, सुपर बिल्टअप हे शब्द अजून कानावर येतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, कार्पेट क्षेत्राची एकच व्याख्या ठरवून दिली आहे: घराच्या आत वापरता येणारी जमीन. आतल्या भिंतींची जागा त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. करारात आकडा चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट. बाल्कनी मिळवून सांगितलेला मोठा आकडा ऐकून भाव काढू नका. तयार घर असेल तर मोजपट्टी घेऊनच जा.

कागद बोलतात

रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचे, म्हणजे महारेराचे, काम २०१७ मध्ये सुरू झाले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला तिथली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर जा. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावे आहेत का, ते तिथे बघा. कायद्याचे तीन आधार तोंडपाठ हवेत. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवून त्याच्या बांधकामासाठी आणि जमिनीसाठीच वापरावे लागतात. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरनेच, विनामोबदला दुरुस्त करायचा असतो.

पण नोंदणी क्रमांक दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे रेरा नोंदणी मिळवल्याचे प्रकरण उघडकीला आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचे आदेश दिले. त्या घरांत माणसे राहत होती आणि त्यांचे हप्ते चालू होते. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन ती खरी आहे का, हे महापालिकेच्या बांधकाम विभागातूनच पडताळून घ्यावे.

त्याखालोखाल जमीन. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. बँकेचा बोजा, वारसांचा वाद, कुळाचा हक्क तिथेच दिसतो. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असेल तर अशा जमिनीच्या हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असतात, त्यामुळे परवानगीचा कागद मागा. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून करून घ्या आणि तो वकील आपण नेमलेला असू द्या, बिल्डरने सुचवलेला नको. "बँकेनं प्रकल्प मंजूर केलाय" हे उत्तर पुरेसे नाही. बँक तपासते ती आपल्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी.

तयार किंवा जुना फ्लॅट असेल तर पहिला कागद भोगवटा प्रमाणपत्राचा. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांची बाजू फेटाळली. संसार जुना झाला म्हणून बेकायदा मजला कायदेशीर होत नाही. त्याबरोबर आधीच्या सगळ्या खरेदी-विक्रीचे मूळ करार, इंडेक्स-२, भागपत्र आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला हवा. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे झाले आहे का, हेही विचारा. अनेक जुन्या सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे आणि पुनर्विकासाच्या वेळी हाच काटा रुततो. बिल्डर करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग कायद्यात आहे.

पाण्याला विचारा

शहराच्या कडेला नवी घरे भराभर उभी राहतात, जलवाहिनी मागाहून येते. घर बघायला मे महिन्यात एकदा आणि मुसळधार पावसात एकदा जा. मेमध्ये आवारात टँकर किती येतात ते दिसेल आणि त्यांचा खर्च दरमहा देखभालीत भरावा लागणार हेही कळेल. पावसात ओढा कुठे फुगतो ते दिसेल. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसांचे जीव घेतले, आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरले. नदी किंवा ओढ्याजवळचे घर असेल तर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्याच वेळी विकास आराखड्यात त्या जागेवर रस्त्याचे किंवा आणखी कशाचे आरक्षण आहे का, तेही कळेल. आणि शेजारच्या वाण्याशी, जुन्या रहिवाशांशी दहा मिनिटे बोला. माहितीपत्रकात नसलेले बरेच काही ते सांगतील.

कागदांच्या या तपासणीला फार तर महिना लागतो. वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे एक महिना काहीच नाही. या पाडव्याला साइटवर जायचे असेल तर आनंदाने जा, घर डोळे भरून बघा आणि कागदांच्या प्रती घेऊन घरी या. साडेतीन मुहूर्त दरवर्षी येतात. आपल्या वकिलाचा अहवाल हातात पडेपर्यंत टोकन देऊ नका.